पिस्तुलामागचा माणूस : जॉन ब्राउनिंग

पिस्तूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पिक्चरमधला हिरो, त्याच्या एका हातात पिस्तूल आणि कधीच न संपणाऱ्या गोळ्या. नाहीतर कॉम्प्युटरवरचा एखादा गेम, ज्यात जितकी मोठी गन घ्याल तितका दरारा जास्त. दौंडकडच्या मुलामुलींना मात्र थोडं वेगळं आठवेल. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक ५ आणि क्रमांक ७. जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या कितीतरी घरांत वर्दी आहे, आणि वर्दीबरोबर हत्याराबद्दलची शिस्तही. अशा घरातली मुलं पिस्तुलाबद्दल बोलताना आवाज चढवत नाहीत.

आपल्या होस्टेलमध्ये भरतीची तयारी करणारे आहेत, एनसीसीवाले आहेत. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून मेसच्या टेबलावर नेमबाजीचा विषय अधूनमधून निघतोच. आणि विषय निघाला की प्रश्नही ठरलेला असतो. खेळ म्हणून, टार्गेटवर मारण्यासाठी, मोठ्या बोअरचं पहिलं पिस्तूल घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

ह्या प्रश्नाचं उत्तर कॅटलॉगमध्ये शोधता येईल. पण मला वाटतं ते एका माणसाच्या आयुष्यात जास्त चांगलं सापडतं. आज जगात मोठ्या बोअरची जी सेल्फ-लोडिंग पिस्तुलं बनतात, त्यातली बहुतेक ज्या तत्त्वावर चालतात ते तत्त्व ह्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी बसवलं. त्याच्या नावावर १२८ पेटंट आहेत. आणि मित्रांनो, त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. शाळाही पंधराव्या वर्षाच्या आसपास सुटली होती. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या युटा प्रांतात, ऑग्डेन ह्या गावी झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनवणारे कारागीर. ते मॉर्मन पंथाचे होते, आणि पंथाच्या लोकांबरोबर स्थलांतर करत करत १८५२ मध्ये ऑग्डेनला येऊन राहिले. घर मोठं. वडिलांची तीन लग्नं झालेली आणि सगळी मिळून बावीस मुलं. ऑग्डेन तेव्हा एक छोटं, धुळीचं गाव होतं. १८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे पूर्ण झाली आणि त्यानंतर हे गाव मोठं जंक्शन बनलं. आपल्या दौंडसारखंच समजा. जंक्शनच्या गावाला बाहेरचं जग लवकर कळतं, आणि बाहेरच्या जगालाही ते गाव कळतं. जॉनच्या बाबतीत पुढे तसंच झालं.

वडिलांच्या दुकानात फक्त बंदुकाच येत नसत. जे काही मोडलेलं असेल ते तिथे दुरुस्तीला यायचं. जॉन लहानपणापासून त्या दुकानातच वाढला. वयाच्या दहाव्या वर्षी त्याने एका टाकून दिलेल्या नळीला लाकडाची फळी जोडून पहिली बंदूक बनवली आणि धाकट्या भावाला, मॅटला, घेऊन पक्षी मारून आणले, अशी गोष्ट त्याच्या घराण्यात सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. पण दुरुस्तीच्या दुकानाने त्याला काय दिलं हे नीट समजून घेतलं पाहिजे. नवीन वस्तू आपले गुण दाखवते. दुरुस्तीला आलेली वस्तू आपला दोष दाखवते. कुठला पार्ट नेहमी तुटतो, कुठली स्प्रिंग बसते, कुठे माती अडकते, हे त्याने वर्षानुवर्षं हाताने पाहिलं. आपण ज्याला फेल्युअर ॲनालिसिस म्हणून एक अख्खा पेपर देतो, ते जॉनने गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत ऐकत शिकून घेतलं.

१८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात एकदम सगळं घेऊन आलं. एप्रिलमध्ये लग्न झालं. त्याच वर्षी वडील गेले. आणि ७ ऑक्टोबरला एका गोळीच्या रायफलचं पहिलं पेटंट मिळालं. वय होतं २४. भावांनी मिळून एक छोटासा कारखाना उभारला आणि ती रायफल बनवायला सुरुवात केली. कारखाना कसा चालवतात हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पण वस्तू चांगली होती.

१८८३ मध्ये ती रायफल विंचेस्टर ह्या त्या काळच्या मोठ्या कंपनीच्या लोकांच्या पाहण्यात आली. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी बेनेट स्वतः रेल्वेने ऑग्डेनला आले आणि त्या एका रायफलचे हक्क त्यांनी ८,००० डॉलरला विकत घेतले. पुढची जवळपास वीस वर्षं जॉन रचना करायचा आणि विंचेस्टर विकत घ्यायची. त्यातल्या कित्येक रचना कंपनीने कधी बनवल्याच नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हाती त्या लागू नयेत म्हणून फक्त घेऊन ठेवल्या. ह्या मधल्या काळात, १८८७ ते १८८९, तो पंथाच्या प्रचाराच्या कामासाठी जॉर्जिया राज्यात गेला होता. त्या दोन वर्षांत वर्कशॉप बंद आणि पायपीट चालू. परत आला तो जणू साठवलेलं डोकं घेऊनच.

त्याच्या कामाची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. आपण ड्रॉइंग हॉलमध्ये शीटवर शीट काढतो. जॉन मोठी ड्रॉइंग्ज करायच्या भानगडीत फारसा पडत नसे. संपूर्ण मेकॅनिझम त्याच्या डोक्यात फिरत असे. तो कच्चं स्केच काढायचा, पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या आकृत्या कापायचा, एकमेकांवर सरकवून बघायचा आणि मग भाऊ एड मशीनवर तो पार्ट बनवायचा. नाही जमला तर पुन्हा.

वाया जाणारी ताकद

प्रचारकार्यावरून परत आल्यावर, १८८९ च्या सुमारास, जॉन गावाबाहेर नेमबाजी पाहत होता. एका मित्राने गोळी मारली तेव्हा नळीतून बाहेर पडलेल्या वायूच्या झोताने समोरचं उंच गवत वाकलं. पाहणारे आणखीही होते. पण जॉनच्या मनात आलं ते असं, की प्रत्येक गोळीमागे ही एवढी ताकद फुकट जाते आहे. तिलाच कामाला लावली तर बंदूक स्वतःच रिकामं काडतूस बाहेर टाकेल आणि स्वतःच पुढचं भरेल. ह्याच कल्पनेतून त्याची वायूवर चालणारी मशीनगन झाली आणि कोल्ट कंपनीने १८९५ मध्ये ती बाजारात आणली.

मग तो पिस्तुलाकडे वळला. पिस्तुलात वायूचा झोत वापरण्यापेक्षा सोपी गोष्ट हातात होती. न्यूटनचा तिसरा नियम! गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे धक्का देतं. तो धक्का म्हणजेच इंजिन.

लहान काडतुसासाठी हे सोपं पडलं. नळीच्या मागे एक जड पोलादी स्लाइड आणि एक स्प्रिंग. धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि येताना ती मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारते. १८९७ मध्ये बेल्जियमच्या एफएन ह्या कंपनीशी करार झाला. ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपण ज्याला पॉइंट थर्टी-टू (.३२) म्हणतो त्या बोअरचं, हे चपटं पिस्तूल युरोपभर इतकं खपलं की काही भाषांत 'ब्राउनिंग' ह्या शब्दाचा अर्थच पिस्तूल असा झाला.

मोठ्या गोळीचा प्रश्न

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळी मोठी झाली की काय बिघडतं?

जरा आकडेमोड करून बघा. पॉइंट टू-टू (.२२) ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ३०० मीटरच्या पुढे जाते. पॉइंट फोर्टी-फाइव्ह (.४५) ची गोळी सुमारे १५ ग्रॅमची असते आणि वेग साधारण २५० मीटर. वेग कमी आहे, पण वस्तुमान आणि वेगाचा गुणाकार केला तर मोठ्या गोळीचा संवेग चौपटीहून जास्त येतो. तेवढाच संवेग मागे, म्हणजे मारणाऱ्याच्या मनगटात येतो. इथे नुसती जड स्लाइड आणि कडक स्प्रिंग लावून भागवायचं म्हटलं तर पिस्तूल इतकं जड आणि ओढायला इतकं अवघड होईल की ते हातात धरून नेम धरणंच कठीण.

अमेरिकन सैन्याला मात्र मोठीच गोळी हवी होती. फिलिपिन्सच्या लढायांत त्यांची .३८ ची रिव्हॉल्व्हर कमी पडली होती आणि १९०४ च्या चाचण्यांनंतर .४५ चीच शिफारस झाली होती. जॉनने ह्या कोड्यावर काढलेला उपाय आपल्या मेकॅनिकलच्या लॅबमध्ये मॉडेल म्हणून ठेवावा असा आहे.

त्याने नळी आणि स्लाइड एकमेकांत खाचांनी अडकवली. गोळी सुटली की दोन्ही एकत्र मागे सरकतात. दोघांचं वजन मिळून जास्त, म्हणून वेग कमी. असं जेमतेम काही मिलिमीटर जाईपर्यंत गोळी नळीबाहेर पडून गेलेली असते आणि आतला दाब उतरलेला असतो. मग नळीच्या खाली बसवलेला एक छोटासा दुवा नळीचा मागचा भाग खाली ओढतो. खाचा सुटतात. नळी थांबते आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन आपलं काम करून परत येते. म्हणजे दाब जास्त असताना दार बंद, आणि दाब उतरल्यावर दार उघडं. हे सगळं एका छोट्या दुव्याच्या भूमितीने होतं.

पण कल्पना सुचली आणि काम झालं असं इथेही घडलं नाही. १९०७ च्या सैन्याच्या चाचण्यांत जॉनच्या पिस्तुलात दोष निघाले. स्पर्धेत सॅव्हेज कंपनीचंही पिस्तूल होतं. पुढची चार वर्षं तो बदल करत राहिला. आधीच्या रचनेत नळीला पुढे आणि मागे असे दोन दुवे होते, त्यातला एक त्याने काढूनच टाकला. मुठीचा कोन बदलला. शेवटची चाचणी मार्च १९११ मध्ये झाली. एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा चालू करायचं. सॅव्हेजचं पिस्तूल ३७ वेळा अडकलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारलं. त्याचं नाव मॉडेल १९११. ते अमेरिकन सैन्याचं अधिकृत पिस्तूल म्हणून १९८५ पर्यंत राहिलं. इतकी वर्षं टिकलेलं मशीन आपल्या अभ्यासक्रमात तरी किती सापडेल?

नेमबाज हेच का निवडतात

युद्धासाठी बनवलेली वस्तू खेळात का आली? अमेरिकेत कागदी टार्गेटवर .४५ ने खेळणाऱ्यांनी हे पिस्तूल आपलंसं केलं, ते त्याच्या तीन-चार गुणांमुळे.

पहिला गुण ट्रिगर. तो सरळ मागे सरकतो, आणि प्रत्येक गोळीला सारखाच आणि थोडाच दाबावा लागतो. काही पिस्तुलांत पहिली गोळी लांब आणि जड ट्रिगरने सुटते आणि नंतरच्या हलक्या ट्रिगरने. खेळात असा फरक घातक. दुसरा गुण मूठ. जॉनने तिचा कोन असा साधला की हात उचलला की नळी आपोआप समोर येते. तिसरा गुण वजन. रिकामं पिस्तूल सुमारे १.१ किलोचं, त्यामुळे धक्का बराचसा त्या वजनातच जिरतो.

चौथी गोष्ट तर खास आपल्यासाठी. पिस्तुलाची अचूकता कशावर ठरते? नळी प्रत्येक गोळीनंतर किती नेमकी त्याच जागी परत बसते ह्यावर. सैन्याच्या पिस्तुलात पार्टमध्ये मुद्दाम थोडी जागा सैल ठेवलेली असे, म्हणजे चिखल-माती गेली तरी ते अडकणार नाही. टार्गेटसाठी हीच जागा कमी करून घट्ट फिट करतात. कोल्टने १९५७ पासून गोल्ड कप नावाने असं खास टार्गेटचं मॉडेल काढलं. पण घट्ट केलं की अचूकता वाढते आणि मातीतला भरवसा कमी होतो. दोन्ही एकदम शंभर टक्के मिळत नाहीत. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेल्यावर फिट आणि टॉलरन्स ऐकून आपण जांभया देतो. तोच विषय इथे हातात धरायला मिळतो.

मग आपल्यासारख्याने पहिलं पिस्तूल म्हणून हेच घ्यावं का? नाही! भारतात त्याचा रस्ता वेगळा आहे. इथे शस्त्र परवान्यावर मिळतं, १९५९ च्या कायद्याखाली, आणि ९ मिलिमीटरचा बोअर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित गटात मोडतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २५ मीटरवर जो 'सेंटर फायर' प्रकार असतो, तोच मोठ्या बोअरचा प्रकार. त्यात बोअर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरमध्येच लागतो. म्हणजे ११.४३ मिलिमीटरचं .४५ तिथे चालतच नाही. तिथे बहुतेक खेळाडू .३२ वापरतात, चपट्या तोंडाच्या गोळीने, कारण ती कागदावर गोल स्वच्छ भोक पाडते. ह्याच प्रकारात आपल्या मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं ते .२२ वर.

म्हणून क्रम असा. आधी दहा मीटरचं एअर पिस्तूल, एखाद्या क्लबात किंवा बालेवाडीसारख्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. मग .२२. मग .३२. मोठ्या बोअरने सुरुवात केली तर धक्क्याची आणि आवाजाची भीती हातात बसते. गोळी सुटायच्या आधीच हात दचकतो, आणि एकदा लागलेली ही सवय जाता जात नाही. मोठ्या बोअरचं पहिलं पिस्तूल निवडायची वेळ येईल तेव्हा बघायच्या गोष्टी त्याच, ज्यांवर जॉनने चार वर्षं घालवली. मूठ आपल्या हाताला बसते का? बोट ट्रिगरवर सरळ पडतं का? ट्रिगर प्रत्येक वेळी सारखाच सुटतो का? सेंटर फायरच्या नियमात तो निदान एक किलो वजन पेलणारा असावा लागतो, म्हणजे फार हलका करूनही चालत नाही. आणि हजारो गोळ्यांनंतरही ते तसंच राहील का? बोअरचा आकडा ह्या सगळ्यानंतर येतो.

वस्तू कारखान्याबाहेर पडते तेव्हा

इथवरची गोष्ट एका यशस्वी माणसाची झाली. पण जॉनची पिस्तुलं टार्गेटवरच चालली असं नाही, आणि हे टाळून त्याचं चरित्र लिहिता येणार नाही.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे ह्या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल ब्राउनिंग होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून जी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, त्यातलं. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ही गोष्ट शाळेत वाचली आहे. पण त्या पिस्तुलाचा जन्म एका दूरच्या जंक्शनच्या गावातल्या वर्कशॉपमधला, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, २८ जून १९१४ ला, सारायेव्होमध्ये गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या त्या एफएनच्या १९१० मॉडेलमधून. रचना पुन्हा ब्राउनिंगची. त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. आणि त्याच महायुद्धात अमेरिकेने जॉनकडूनच मशीनगन आणि ऑटोमॅटिक रायफल घेतली. सरकारने देऊ केलेली साडेसात लाख डॉलरची एकरकमी रक्कम त्याने घासाघीस न करता घेतली. नेहमीच्या रॉयल्टीच्या हिशेबाने ती त्याच्या कितीतरी पट झाली असती. त्याचा मुलगा व्हॅल तीच रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेला. बाप म्हणून त्याला काय वाटलं असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी.

एकाच माणसाच्या हातची वस्तू नाशिकला एका क्रांतिकारकाच्या हाती, सारायेव्होला एका माथेफिरू म्हणवल्या गेलेल्या मुलाच्या हाती, फ्रान्सला लाखो शिपायांच्या हाती आणि रविवारी सकाळी कागदी टार्गेटसमोर उभ्या राहिलेल्या एखाद्या शांत माणसाच्या हाती. बनवणारा ह्यातलं काहीच ठरवू शकला नाही. पिस्तूल अडकणार नाही एवढी खात्री तो देऊ शकत होता, ते कोणावर रोखलं जाईल ह्याची नाही. आपण सॉफ्टवेअर बनवू, केमिकल बनवू, मशीन बनवू. हा प्रश्न आपल्याही वाट्याला येणार आहे. त्याचं उत्तर जॉनच्या आयुष्यात तयार मिळत नाही. पण मला वाटतं की वस्तू वापरणाऱ्याच्या हाती शिस्तही द्यावी लागते, ती नुसत्या वस्तूबरोबर पॅक होऊन येत नाही. दौंडच्या कॅम्पात रिकामं हत्यारसुद्धा भरलेलं समजूनच धरायला शिकवतात, ते ह्याचसाठी.

अर्धवट राहिलेलं काम

जॉनचा स्वभाव व्यवहारात मात्र लेचापेचा नव्हता. १९०२ मध्ये त्याच्या ऑटोमॅटिक शॉटगनसाठी विंचेस्टर रॉयल्टी द्यायला तयार होईना, तेव्हा वीस वर्षांचा संबंध तोडून तो निघाला. रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला बाहेर बसला असतानाच ते हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. दुसरा कोणी खचला असता. जॉन ती शॉटगन घेऊन आगबोटीने बेल्जियमला गेला आणि एफएनशी करार करून आला. त्या बंदुकीचं उत्पादन पुढे जवळजवळ शतकभर चाललं.

बेल्जियमशी त्याचं नातं शेवटपर्यंत टिकलं. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजजवळच्या एफएनच्या कारखान्यात तो काम करत असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि मुलगा व्हॅल याच्या ऑफिसात त्याचा मृत्यू झाला. वय ७१. बँकेत भरपूर पैसा होता, नाव जगभर झालं होतं, तरी माणूस कामाच्या जागेवरून हलला नव्हता.

त्याच्या मागे एका नव्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची रचना अपुरी राहिली. ती एफएनमधल्या दियोदोने सेव्ह ह्या डिझायनरने पुढे नेली. ह्यात नळीखालचा तो दुवाही काढून त्याच्या जागी एक साधी तिरकी खाच आली, म्हणजे आणखी एक पार्ट कमी. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या मावल्या. १९३५ मध्ये हे पिस्तूल 'हाय पॉवर' नावाने आलं आणि जगातल्या कितीतरी सैन्यांनी घेतलं. आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ते 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए' म्हणून तयार झालं आणि आपल्या सैन्यात आणि पोलिसांत वापरलं गेलं. म्हणजे ऑग्डेनच्या जंक्शनवर सुरू झालेलं काम फिरत फिरत आपल्या जवानांच्या कमरेपर्यंत आलं.

मित्रांनो, जॉन ब्राउनिंगने कोणती मोठी भाषणं ठोकली नाहीत की पुस्तकं लिहिली नाहीत. जे सांगायचं ते त्याने पोलादात सांगितलं. पार्ट कमी करा. हाताचा विचार आधी करा. सहा हजार वेळा चालवून बघा आणि मगच चांगलं म्हणा. पुढच्या वेळी मेसमध्ये कोणी विचारलं की मोठ्या बोअरचं पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं, तर त्याला आधी एअर पिस्तुलाच्या रेंजवर न्या, दहा मीटरवरचा कागद दाखवा, आणि मग हवं तर ऑग्डेनच्या ह्या कारागिराची गोष्ट सांगा.